जुळणी संगणकासाठी घटकांची निवड

जुळणी संगणक किंवा असेंबल्ड संगणक म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवणूक, वीजपुरवठा इत्यादी घटक स्वतंत्रपणे विकत घेऊन व एका कॅबिनेटमध्ये जोडून तयार केलेला डेस्कटॉप संगणक होय. एकाच कंपनीने तयार स्थितीत विकलेल्या संगणकास याच्या उलट ब्रँडेड संगणक म्हणतात. खर्चाची मर्यादा आधीच ठरलेली असताना कोणत्या घटकासाठी किती पैसा राखावा आणि कोठे काटकसर करू नये, हा जुळणी संगणकाच्या खरेदीतील मुख्य प्रश्न असतो. बोलीभाषेत संपूर्ण कॅबिनेटलाच ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी सीपीयू हे केवळ प्रोसेसरचे नाव आहे. या लेखात ते त्याच अर्थाने आले आहे.

पार्श्वभूमी

आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेला वैयक्तिक संगणक बहुतांशी इतर उत्पादकांच्या भागांपासून बनवलेला होता व त्याचा तांत्रिक तपशील प्रसिद्ध करण्यात आला होता. त्यामुळे अन्य कंपन्यांना त्याच्याशी सुसंगत भाग तयार करता आले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक मांडले. मदरबोर्डचा आकार, तो बसवण्याच्या छिद्रांच्या जागा आणि वीजजोडणीचे स्वरूप त्याने निश्चित केले. एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये आजही सहज बसतो, तो या मानकामुळे.

मुंबईतील लॅमिंग्टन रोड (अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), पुण्यातील तपकीर गल्ली, दिल्लीतील नेहरू प्लेस आणि बंगळूरमधील एस. पी. रोड या सुट्या भागांच्या प्रसिद्ध बाजारपेठा आहेत. दुकानदाराला एकूण रक्कम सांगून ‘त्यात बसेल तो’ संगणक मागण्याची पद्धत सर्वत्र आढळते. अशा व्यवहारात प्रोसेसर आणि रॅम यांचे आकडे मोठे दाखवले जातात व ज्या भागांची नावे ग्राहक विचारत नाही, त्यांत बचत केली जाते. घटकांची माहिती असण्याचे महत्त्व येथे आहे.

उपयोगाचा विचार

निवडीची सुरुवात घटकांपासून न करता कामापासून करावी लागते. शासकीय संगणक टंकलेखन परीक्षेचा सराव, कार्यालयीन लेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग आणि चित्रपट पाहणे यांसाठी आजचा सर्वांत साधा प्रोसेसरही पुरेसा ठरतो. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अधिक रॅम व वेगवान साठवणूक उपयोगी पडते. चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय आरेखन आणि आधुनिक खेळ यांना मात्र स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज भासते. ‘पुढेमागे लागेल’ या भावनेने केलेला खर्च बहुधा वाया जातो, कारण दोन-तीन वर्षांनी तोच भाग अधिक चांगल्या रूपात मिळतो. जो भाग नंतर बदलता येत नाही किंवा बदलणे कटकटीचे असते, त्याचा विचार आधी करणे अधिक हिताचे ठरते.

प्रोसेसर

आय-३, आय-५, आय-७ ही नावे क्षमतेची चढती श्रेणी सूचित करतात, परंतु ती केवळ एका पिढीपुरती खरी असते. २०११ मधील कोअर आय-७ २६०० आणि २०२२ मधील कोअर आय-३ १२१०० या दोहोंत ४ कोअर व ८ थ्रेड आहेत. तरीही नंतरचा ‘आय-३’ पुष्कळ वेगवान आहे आणि वीजही कमी घेतो. जुन्या पिढीचे वापरलेले प्रोसेसर ‘आय-७ संगणक’ या नावाने स्वस्तात विकले जातात, ते ग्राहकाच्या या गैरसमजावर. विंडोज ११ साठी इंटेलचा ८ व्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे आवश्यक आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या प्रोसेसरवर बेतलेला संगणक त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच कालबाह्य ठरू शकतो. लिनक्स वापरणाऱ्यास ही अडचण येत नाही.

नावाच्या शेवटचे अक्षरही वाचावे लागते. इंटेलच्या प्रोसेसरमागे ‘एफ’ असल्यास त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. असा प्रोसेसर थोडा स्वस्त असतो. पण ग्राफिक्स कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे, तर ५६०० मध्ये ते नाही. स्वतंत्र कार्ड सध्या परवडत नसेल, तर अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन पुढे कार्ड जोडणे हा विद्यार्थ्यांसाठी रूढ मार्ग आहे.

पेटीबंद प्रोसेसरसोबत निर्मात्याची हमी आणि पुष्कळदा पंखाही मिळतो. ‘ट्रे’ स्वरूपात सुटा विकला जाणारा प्रोसेसर स्वस्त असला तरी त्याची हमी सहसा विक्रेत्यापुरतीच असते.

मदरबोर्ड

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे सॉकेट एकच असावे लागते. इंटेलच्या १२, १३ व १४ व्या पिढ्यांचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १७०० या सॉकेटमध्ये बसतात. एएमडीचे एएम४ हे सॉकेट दीर्घायुषी ठरले. रायझनच्या पहिल्या पिढीपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर त्याच्यासाठी निघाले आणि पहिला स्वस्त प्रोसेसर काढून त्याच मदरबोर्डवर अधिक शक्तिशाली प्रोसेसर बसवणे अनेकांना शक्य झाले. २०२२ मध्ये आलेले एएम५ सॉकेट हे त्याचे पुढचे रूप असून त्याला डीडीआर५ रॅम लागते. सॉकेट जुळले तरी जुन्या मदरबोर्डमधील बायोस नव्या प्रोसेसरला ओळखेलच असे नाही. खरेदीपूर्वी बायोस अद्ययावत करून मागणे योग्य होय.

स्वस्त मदरबोर्डमध्ये रॅमच्या ४ ऐवजी २ खाचा असतात व जोडण्या मोजक्या असतात. साध्या वापरात ही उणीव जाणवत नाही. महागडा मदरबोर्ड घेतल्याने संगणकाचा वेग वाढत नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

रॅम आणि साठवणूक

डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमपट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. कार्यालयीन कामास ८ जीबी रॅमवर भागते, परंतु नव्या संगणकासाठी १६ जीबी हे व्यवहार्य प्रमाण मानले जाते. १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्यास दोन मार्गांनी एकाच वेळी माहितीची ने-आण होते. अंगभूत ग्राफिक्स रॅमचाच वापर करत असल्यामुळे तेथे हा फरक विशेष दिसतो. मात्र मदरबोर्डवर दोनच खाचा असतील, तर पुढे रॅम वाढवताना जुन्या पट्ट्या काढाव्या लागतात. रॅमच्या किमती स्थिर नसतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस त्या झपाट्याने चढल्या.

साठवणुकीत हार्ड डिस्कऐवजी एसएसडी वापरल्याने संगणकाच्या वेगात जेवढा फरक सामान्य माणसाला जाणवतो, तेवढा अन्य कोणत्याही एका बदलाने क्वचितच जाणवतो. साटा जोडणीच्या एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत, तर एनव्हीएमई प्रकारातील तिसऱ्या पिढीच्या एसएसडीचा सुमारे ३५०० एमबीपर्यंत जातो. पण लेखन, हिशेब किंवा महाजाल या वापरात या दोहोंतील अंतर फारसे लक्षात येत नाही. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या आकारात दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून मदरबोर्डची खाच कोणता प्रकार स्वीकारते हे पाहावे लागते. छायाचित्रे व ध्वनिचित्रफिती साठवण्यासाठी हार्ड डिस्क अजूनही स्वस्त पडते.

ग्राफिक्स कार्ड

खेळांसाठी बनवलेल्या संगणकात सर्वाधिक रक्कम या एका घटकावर, बहुधा एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक, जाते. याच घटकात नावांची फसगतही सर्वांत जास्त होते. जीटी १०३० हे कार्ड जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा दोन स्मृतिप्रकारांत निघाले व दुसरे पहिल्यापेक्षा बरेच मंद आहे. आरटीएक्स ३०६० या कार्डाची १२ जीबीची आवृत्ती आधी आली; नंतर त्याच नावाने निघालेल्या ८ जीबीच्या आवृत्तीत स्मृतीचा मार्गही अरुंद आहे. जीटी ७१० किंवा जीटी ७३० यांसारखी जुनी कार्डे नव्या प्रोसेसरमधील चांगल्या अंगभूत ग्राफिक्सहून दुर्बल असतात, म्हणून ५६००जी सारख्या प्रोसेसरला अशा कार्डाची जोड देण्यात अर्थ नाही.

कार्डाची निवड मॉनिटरशी निगडित आहे. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यासाठी मध्यम कार्ड चालते. अधिक बिंदूंच्या पडद्यासाठी घेतलेले महाग कार्ड साध्या पडद्यावर आपली पूर्ण क्षमता दाखवू शकत नाही. कार्ड बसवल्यानंतर मॉनिटरची तार कार्डालाच जोडायची असते. ती मदरबोर्डच्या जोडणीत राहिल्याने ‘नवे कार्ड चालत नाही’ अशी तक्रार होणे नित्याचे आहे.

वीजपुरवठा

एसएमपीएस हा घटक भिंतीतील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. संगणकाचा वेग त्याच्यावर अवलंबून नसल्याने काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. प्रत्यक्षात निकृष्ट एसएमपीएस बिघडला तर तो एकटा जात नाही. मदरबोर्ड, साठवणूक आणि त्यातील माहितीही सोबत नेऊ शकतो. सर्वांत स्वस्त भागाच्या दोषामुळे सर्वांत महाग भाग निकामी होण्याचा हा धोका आहे.

कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या अनामिक एसएमपीएसवर ‘५०० वॅट’ असे ठळक छापलेले असते. खरी क्षमता त्याच्या बाजूवरील तक्त्यात शोधावी लागते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली बहुतेक वीज १२ व्होल्टच्या मार्गावरून घेतात. तक्त्यात या मार्गापुढे १६ अँपिअर लिहिले असेल, तर १२ × १६ म्हणजे केवळ १९२ वॅट उपलब्ध आहेत. दर्जेदार ५०० वॅटच्या संचात हा आकडा ४० अँपिअरच्या आसपास असतो.

गरजेचा हिशेब कठीण नाही. रायझन ५ ५६०० पूर्ण भारावर सुमारे ९० वॅट व आरटीएक्स ३०६० सुमारे १७० वॅट घेते. मदरबोर्ड, रॅम, साठवणूक व पंखे यांसाठी ५०-६० वॅट धरले की बेरीज ३२० च्या घरात जाते. क्षणिक वाढीसाठी जागा ठेवून ५५० वॅटचा संच येथे योग्य ठरतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकास याच्या निम्मीही वीज लागत नाही. त्याला ४०० ते ४५० वॅटचा नामांकित संच पुरेसा होतो आणि ७५० वॅटसाठी दिलेले पैसे व्यर्थ जातात.

‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र २००४ पासून दिले जाते. साधे, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम व टायटॅनियम या त्याच्या पायऱ्या होत. हे प्रमाणपत्र विजेच्या रूपांतरातील कार्यक्षमता सांगते, सुरक्षेची हमी देत नाही. तरीही ब्रॉन्झ प्रमाणित संच किमान गुणवत्तेची खूण म्हणून उपयोगी पडतो.

भूसंपर्क आणि यूपीएस

तीन पिनांच्या सॉकेटला भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, जोडलेले नसेल, तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधील गाळणीच्या धारित्रांतून झिरपणाऱ्या विजेला जमिनीकडे वाट न मिळाल्याने असे होते. जुन्या घरांत हा अनुभव सर्वपरिचित आहे व त्यावर एसएमपीएस बदलणे हा उपाय नव्हे. विद्युततंत्रज्ञाकडून भूसंपर्क तपासून घ्यावा लागतो. पावसाळ्यात विजा चमकत असताना प्लग आणि महाजालाची तार दोन्ही काढून ठेवणे इष्ट असते.

भारनियमन किंवा वारंवार खंडित होणारा पुरवठा असलेल्या गावी यूपीएसची किंमत मूळ अंदाजपत्रकातच धरली पाहिजे. ६०० व्हीए या आकड्याचा अर्थ ६०० वॅट असा नाही. अशा यूपीएसची क्षमता बहुधा ३६० वॅटच्या आसपास असते. काही दर्जेदार एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या तरंगाशी नीट जुळत नाहीत आणि वीज जाताच संगणक बंद पडतो. म्हणून दोन्ही एकत्र चालवून पाहणे उत्तम.

वापरलेले भाग

कॅबिनेट, मॉनिटर, प्रोसेसर व रॅम वापरलेले घेण्यात धोका तुलनेने कमी असतो, कारण ते चालतात की नाही हे थोड्या वेळात तपासता येते. एसएमपीएस आणि हार्ड डिस्क यांच्या बाबतीत तसे नाही. त्यांचे उरलेले आयुष्य बाहेरून कळत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारी खाणपद्धत सोडली, त्यानंतर रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. असे कार्ड घेताना ते जड खेळात किमान अर्धा तास चालवून तापमान, पंख्याचा आवाज आणि पडद्यावरील चित्र पाहतात.

खरेदी

जुळणी संगणकाला एकत्रित हमी नसते; प्रत्येक भागाची हमी वेगळी असते व ती त्या भागाच्या अनुक्रमांकावर चालते. यास्तव कोटेशन घेताना ‘१६ जीबी रॅम, ५०० वॅट एसएमपीएस’ असे मोघम न लिहिता प्रत्येक भागाचे उत्पादक व प्रतिमान लिहून घेतात आणि जीएसटीसह पक्क्या बिलावर अनुक्रमांक नोंदवून घेतात. कच्च्या बिलावर थोडी रक्कम वाचते, परंतु हमीचा दावा करताना पुरावा उरत नाही. रिकाम्या पेट्या हमीची मुदत संपेपर्यंत जपून ठेवण्याची प्रथा याच कारणाने पडली आहे.

विंडोजचा परवाना हा स्वतंत्र खर्च आहे. अनेक दुकानांत विनापरवाना प्रत ‘मोफत’ घालून दिली जाते. ती बेकायदेशीर असून तिच्यातून घातक प्रणाली शिरण्याचा संभव असतो. पैसा अपुरा असेल तेथे लिनक्स व लिबरऑफिस ही मुक्त साधने उपलब्ध आहेत. दोहोंतही युनिकोड मराठीत लेखन करता येते.