एक गोमुख आणि पाच नद्या? कृष्णेच्या उगमाचा घोळ

जुन्या महाबळेश्वरात, म्हणजे क्षेत्र महाबळेश्वरला, पंचगंगेचे दगडी मंदिर आहे. आतल्या भिंतीत ओळीने तोंडे कोरलेली असून त्यांतून आलेले पाणी एकत्र होते आणि दगडी गोमुखातून कुंडात पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या ‘या गोमुखातून निघतात’, असे तिथे आलेल्या जवळजवळ प्रत्येक सहलीला सांगितले जाते. मुले ते वहीत उतरवून घेतात, मोठेपणी आपल्या मुलांना सांगतात, आणि नकाशा उघडून पाहायचे मात्र दोन्ही पिढ्यांकडून राहून जाते.

पाचही नद्यांचे दर्शन एका जागी व्हावे म्हणून कुणी देवालय उभारले, यात काही वावगे नाही. गडबड होते ती त्या देवालयाला भूगोलाचा पुरावा मानल्यावर.

कौलारू घराच्या आढ्यावर पाऊस पडला, तर अर्धे पाणी पुढच्या अंगणात उतरते आणि अर्धे मागच्या परसात. आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब पलीकडे जात नाही. सह्याद्रीचा माथा हे असेच आढे आहे. भूगोलात त्याला जलविभाजक म्हणतात. सावित्री या आढ्याच्या पश्चिमेला आहे, तर कृष्णा, वेण्णा आणि कोयना पूर्वेच्या बाजूच्या. कुंडातून बाहेर पडलेले पाणी ज्या उताराला लागेल त्याच खोऱ्यात जाणार. तेच पाणी अर्धे डोंगर ओलांडून कोकणात आणि अर्धे वाईकडे कसे जाईल, हा प्रश्न पाचवीतल्या मुलालाही पडायला हवा. तो पडत नाही, कारण उत्तर आधीच पाठ झालेले असते.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या समोच्च रेषांच्या नकाशावर बोट ठेवून पाहिले की प्रत्येक नदीची वाट वेगळी दिसते. कृष्णा क्षेत्र महाबळेश्वराच्या खालच्या जोर खोऱ्यात उतरते आणि धोमवरून वाईला येते. वेण्णा लिंगमळ्याच्या धबधब्यावरून खाली उडी घेते, मेढ्याला वळसा घालते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. कोयनेची वाट सगळ्यांत चमत्कारिक. महाबळेश्वरच्या पश्चिम कड्याखाली निघूनही ती कोकणात उतरत नाही, कारण तिच्या पश्चिमेला सह्याद्रीची आणखी एक धार उभी आहे. त्या धारेला समांतर ती सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेत शिरते. सावित्री पोलादपूर आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जाते. ती बाकीच्यांना पुन्हा कधीच भेटत नाही. गायत्रीचा प्रवाह लहान असून तो सावित्रीच्याच बाजूचा मानला जातो.

मग मंदिरातले पाणी येते कुठून? महाबळेश्वरच्या पठारावर जांभ्या दगडाचा जाड थर आहे आणि त्याखाली काळा बेसाल्ट. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस भोकाभोकांच्या जांभ्यात मुरतो. खालच्या घट्ट थराशी त्याची वाट अडते, म्हणून तो आडवा सरकतो आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. असे झरे त्या पठाराला चहूबाजूंनी आहेत आणि मंदिरातला झरा त्यांपैकीच एक. त्याच्याभोवती देऊळ बांधले गेले, म्हणून तो प्रसिद्ध झाला, इतकेच.

गोमुखाच्या कल्पनेमागे आणखी एक चूक दडलेली आहे: नदीचे सगळे पाणी उगमातून येते, ही. गोमुखातून येणारी धार घागरीने मोजता येईल एवढी. कृष्णा मात्र सुमारे १,४०० किलोमीटर वाहते आणि केंद्रीय जल आयोगाच्या आकड्यांनुसार तिचे खोरे सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरचे आहे. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेश या चार राज्यांत पडणारा पाऊस हजारो ओढ्यांनी तिच्यात येतो. उगमाचा झरा उद्या आटला, तरी सांगलीच्या पुराची पातळी बोटभरही उतरणार नाही.

दुसरा गैरसमज त्यामानाने समंजस आहे, कारण तो निदान विचार करून झालेला असतो. कृष्णेच्या उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटरवर. मग नदी पूर्वेला बंगालच्या उपसागरापर्यंत का जाते? नदी अंतर पाहत नाही, उतार पाहते. दख्खनचे पठार पश्चिमेला उंच आणि पूर्वेला कललेले आहे. सुमारे १,३०० मीटर उंचीवर निघालेली कृष्णा विजयवाड्याला येईपर्यंत २५ मीटरांच्या आत आलेली असते. पश्चिमेचा उतार आखूड पण कड्यासारखा तुटलेला. म्हणूनच सावित्रीसारख्या नद्या माथ्याकडची जमीन जोराने कातरतात आणि जलविभाजक अतिशय सावकाश पूर्वेला सरकत राहतो.

तरीही कृष्णा खोऱ्यातले काही पाणी आज अरबी समुद्रात जातेच. ही करामत गोमुखाची नसून अभियंत्यांची आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीखालून पलीकडे नेतात, त्यावर वीज तयार करतात आणि मग ते वाशिष्ठी नदीत सोडतात. कृष्णा पाणीतंटा लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मान्य केले होते. चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या काठी भर उन्हाळ्यात दिसणारे पाणी बरेचसे या वाटेने आलेले असते.

किरकोळ गैरसमजांना एकेक ओळ पुरे. कृष्णा दक्षिण भारतातली सर्वांत लांब नदी नाही. तो मान १,४६५ किलोमीटरच्या गोदावरीचा. कोल्हापूरची पंचगंगा आणि महाबळेश्वरचे पंचगंगा मंदिर यांचा संबंध नावापुरताच. कोल्हापूरची नदी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून होते, पाचवी म्हणून गुप्त सरस्वती मोजतात, आणि ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. वेण्णा तलाव हा वेण्णेचा नैसर्गिक उगम नव्हे. तो १८४२ साली साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधवून घेतला. पंढरपूरची चंद्रभागा ही निराळी नदी नाही, तिथे चंद्रकोरीसारखी वळलेली भीमाच ती. हीच भीमा भीमाशंकरहून निघून ८६१ किलोमीटर वाहत रायचूरच्या उत्तरेला कृष्णेत मिसळते.

शेवटचा घोळ मुखाचा. नकाशात एक निळी रेघ समुद्राला टेकते, म्हणून नदी एकाच तोंडाने समुद्रात जाते असे वाटते. विजयवाड्याच्या प्रकाशम बंधाऱ्यापुढे जमीन इतकी सपाट आहे की वाहून आणलेला गाळ कृष्णेला पुढे रेटता येत नाही. तो तिथेच साचतो आणि नदी स्वतःच्याच गाळाला वळसा घालत फुटते. पुलिगड्डाजवळ तिचे फाटे होतात. त्यांच्या मधला सखल, भातशेतीचा मुलूख म्हणजे दिविसीमा. हंसलदीवी हे संगमाचे तीर्थ म्हणून प्रसिद्ध असले, तरी ते त्या त्रिभुज प्रदेशातल्या एका फाट्याचे मुख आहे. बाकीचे फाटे आपापल्या जागी समुद्राला मिळतात.