धुक्यातील वाहनचालन आणि ईर्यासमिती

कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधु-साध्वीजींचा विहार पुन्हा सुरू होतो. मावळात थंडीला आणि पहाटेच्या धुक्याला प्रारंभही याच सुमारास होतो. द्रुतगती मार्गावर पादचाऱ्यांना मनाई असल्याने देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा हा विहार जुन्या महामार्गानेच करावा लागतो. त्याच रस्त्याने आपले अनेक व्यापारी बंधू पहाटे मालखरेदीसाठी निघतात. धुक्यात शुभ्र वस्त्रे अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून हिवाळ्यातील वाहनचालन हा आपल्यासाठी जीवदयेचाही विषय आहे.

निरभ्र व निवांत रात्री जमीन लवकर थंड होते आणि तिच्यालगतच्या दमट हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. इंद्रायणी व पवना यांच्या खोऱ्यांत, पुलांजवळ आणि सखल भागांत हे धुके अधिक दाटते. ऊन चढू लागले की ते विरते.

आता थोडा हिशेब पाहू. ताशी 60 किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. धोका लक्षात येण्यास एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर आणि उत्तम ब्रेक असतानाही ती थांबेपर्यंत 35 ते 40 मीटर अंतर कापले जाते. ताशी 80 ला हेच अंतर 55 मीटरांच्या पुढे जाते. 40 ला मात्र सुमारे 20 मीटर पुरतात. समोरचे 30 मीटरच दिसत असतील, तर 60 चा वेग म्हणजे डोळे मिटून चालणेच होय. देहूरोड ते लोणावळा या सुमारे 40 किलोमीटरांत ताशी 60 ऐवजी 40 ने गेल्यास 20 मिनिटे अधिक लागतात. एवढा खर्च कोणत्याही पेढीला परवडण्याजोगा आहे.

मोसमापूर्वी वाहनाची तपासणी करून घ्यावी. तापमान 5-6 अंशांनी उतरले की टायरमधील दाब साधारण एक पीएसआयने घटतो. तो गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजली असल्यास टायर बदलावा. थंडीत बॅटरीची शक्ती कमी होते, म्हणून जुनी बॅटरी तपासून घ्यावी. वायपरचे रबर, ब्रेक आणि पुढचे-मागचे सर्व दिवे पाहावेत. दिव्यांच्या काचा व पुढची काच आतून-बाहेरून पुसावी. आतून बाष्प धरल्यास एसी चालू ठेवून गरम हवा काचेवर सोडावी.

धुक्यात हेडलाइटचा झोत खाली ठेवावा; वरचा झोत थेंबांवरून परतून आपलेच डोळे दिपवतो. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नये, कारण वळण्याचा इशारा मागच्याला कळत नाही. ते गाडी थांबवल्यावरच लावावेत. पुढच्या ट्रकच्या लाल दिव्याच्या मागोमाग जाणे टाळावे. काहीच दिसेनासे झाल्यास पेट्रोलपंपावर किंवा धाब्याच्या आवारात थांबावे, रस्त्याच्या कडेला नव्हे.

पाच समितींतील पहिली ईर्यासमिती. समोरची सुमारे चार हात भूमी पाहून, जीव जपत पाऊल टाकावे, हा तिचा आशय. मुनींच्या पावलाला चार हात पुरतात. मोटारीला तिच्या वेगाप्रमाणे भूमी लागते. दिसेल तेवढ्याच अंतरात थांबता येईल असा वेग ठेवणे, ही गृहस्थाची ईर्यासमितीच म्हणावी.

शक्य असेल तेव्हा नवकारशी झाल्यावरच निघावे. डिसेंबर-जानेवारीत येथे सूर्योदय सातच्या सुमारास होतो. त्यापुढे 48 मिनिटे, म्हणजे पावणेआठपर्यंत, बरेचदा धुके विरळ झालेले असते. विहारात सोबत जाणाऱ्या श्रावकांनी प्रकाश परावर्तित करणारी जाकिटे घालावीत, एकाने पुढे व एकाने मागे विजेरी घेऊन चालावे. धुके दाट असल्यास उजाडेपर्यंत मुक्काम वाढवण्याची विनंती महाराजसाहेबांना नम्रपणे करावी. प्रत्येक संघाने याचे नियोजन कार्तिक पौर्णिमेपूर्वीच करावे, ही विनंती.