सुपारीचं खांडसुद्धा नाही, तरी?

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी आमच्या चुलत दादाला भेटायला माणसांची रीघ लागली होती. नारळपाणी, मोसंबी, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य : "माळकरी माणूस, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही, आणि याला कॅन्सर?" दादा चोपन्न वर्षांचा. कॅन्सर मोठ्या आतड्याचा, गुदाशयाच्या जरा वर. तो डोळे मिटून पडलेला आणि खाटेभोवती कारणं शोधणाऱ्यांची पंचायत बसलेली. आत्याच्या मते तिखट. शेजारचे काका म्हणाले, मैदा, तो आतड्याला चिकटून बसतो. वहिनीच्या माहेरचं कुणीतरी म्हणालं, बद्धकोष्ठ, मळ साचून साचून होतं असं. दादाचा धाकटा भाऊ सगळ्यांत ठाम होता : घराण्यात कुणाला नाही, म्हणजे भाज्यांवरच्या फवारण्याच.

दादाला नेमका कशामुळे झाला हे कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. एका माणसाबाबत ते कळत नाही. लाखो माणसांचं खाणंपिणं वर्षानुवर्षं टिपून ठेवलं की मग काही कळतं. त्या हिशेबात खोलीतल्या बहुतेक कारणांना जागा नाही. आणि ज्यांना आहे, त्यांचं नाव तिथं कुणी काढलं नाही.

तिखटाचं लवकर उरकू. तिखट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी जळजळ होते, म्हणून आत जखम होत असणार असा तर्क असतो. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ठोस कारणांच्या यादीत मिरची नाही. बद्धकोष्ठाचंही तसंच. वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत बद्धकोष्ठाच्या लोकांना हा कॅन्सर जास्त होतो असं दिसलेलं नाही. त्यामुळे ‘पोट साफ’ करणारी चूर्णं आणि आतडी धुऊन देणारी महागडी शिबिरं यांनी तो टळतो, या म्हणण्यालाही आधार नाही. मात्र वर्षानुवर्षं ठरल्या वेळी होणारी शौचाची सवय अचानक बदलली आणि तीन-चार आठवडे तशीच राहिली, तर ती तपासून घ्यायची गोष्ट आहे. तिथं बद्धकोष्ठ हे कारण नसून लक्षण असू शकतं.

मैदा चिकटत नाही. तो लहान आतड्यातच पचून त्याची साखर होते, मोठ्या आतड्यापर्यंत त्यातलं फारसं काही पोचतच नाही. खोट नेमकी तिथंच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत १०० ग्रॅम मैद्यात जेमतेम पावणेतीन ग्रॅम चोथा आहे, आणि सडीक पांढऱ्या तांदळातही जवळपास तेवढाच. ज्वारीत तो दहा ग्रॅमच्या वर, नाचणी-बाजरीत अकराच्या आसपास. चोथा म्हणजे आपण ज्याला आता फायबर म्हणतो तो. आपल्याला तो पचत नाही, पण मोठ्या आतड्यात वस्तीला असलेल्या जिवाणूंना पचतो, आणि तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी प्रामुख्याने त्यावरच जगतात. हे अस्तर उपाशी राहू नये म्हणून जे खायचं, ते आपण चाळणीत कोंडा म्हणून काढून टाकतो.

हे किती लवकर घडतं याचा एक प्रयोग मला फार आवडतो. पिट्सबर्गचे डॉ. स्टीफन ओकीफ यांच्या चमूने तो केला आणि २०१५ साली प्रसिद्ध केला. पिट्सबर्गमधले वीस आफ्रिकी-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलु-नाताळ प्रांतातल्या खेड्यांतले वीस जण निवडले. पहिल्या गटात हा कॅन्सर भरपूर, दुसऱ्यात अगदी विरळा. दोन आठवडे दोघांच्या ताटांची अदलाबदल केली. अमेरिकेतल्यांना मका आणि कडधान्यांचं, दिवसाला ५५ ग्रॅम चोथ्याचं जेवण. खेड्यातल्यांना बर्गर, सॉसेज, तळलेले बटाटे. चौदा दिवसांत अमेरिकनांच्या आतड्यातलं ब्युटिरेट अडीच पट झालं आणि अस्तराचा दाह उतरला. खेड्यातल्यांचं ब्युटिरेट निम्म्यावर आलं. कॅन्सर चौदा दिवसांत होत नाही आणि टळतही नाही, पण आतड्याच्या आतलं हवामान तेवढ्यात पालटलं.

"मग रोज रात्री इसबगोल घेतो, झालं." हे मला दोघांनी तरी सांगितलंय. २००० साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. आतड्यातले पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवणारे मशासारखे कोंब, काढलेल्या लोकांना एका चाचणीत गव्हाच्या कोंड्याचा जास्तीचा खुराक दिला, दुसरीत कमी स्निग्ध आणि जास्त चोथ्याचा आहार. तीन-चार वर्षांनी पाहिलं तर पॉलिप परत येण्यात फरक नव्हता. त्यावरून चोथ्याचं सगळं थोतांड आहे असे मथळे आले. पण पॉलिपपासून कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि तीन वर्षांचा चमचाभर कोंडा आयुष्यभराच्या ताटाशी तोलता येत नाही. २०११ साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, त्यात रोजच्या आहारात दहा ग्रॅम चोथा वाढला की धोका सुमारे दहा टक्के कमी असं निघालं. धान्यातल्या चोथ्याचा फायदा त्यात सगळ्यांत स्पष्ट होता. दहा ग्रॅम म्हणजे ज्वारीच्या दोन बऱ्यापैकी भाकऱ्या. इसबगोल शौचाला बरं, त्याचं काम तेवढंच धरावं.

आता दादाच्या माळेकडे येऊ, कारण "आम्ही शाकाहारी, आम्हाला काय होतंय" हा या सगळ्यांतला सर्वांत गोड गैरसमज आहे. २००९ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. शाकाहारी लोकांत एकूण कॅन्सर कमी होते, पण मोठ्या आतड्याचा मात्र मांसाहारींपेक्षा जास्त निघाला. संशोधकच बुचकळ्यात पडले. २०१५ साली अमेरिकेतल्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या ७७ हजार लोकांच्या अभ्यासात बरोबर उलटं दिसलं : शाकाहारींना धोका बावीस टक्के कमी, आणि मासे खाऊन बाकी शाकाहारी राहणाऱ्यांना त्याहूनही कमी. अ‍ॅडव्हेंटिस्ट दारू-तंबाखूपासून लांब राहतात, कडधान्यं, सुकामेवा, सबंध धान्य भरपूर खातात. या दोन निकालांची सांगड मी अशी घालतो : शाकाहार हा शब्द ताटात काय नाही एवढंच सांगतो, काय आहे ते सांगत नाही.

दादाचं ताट मला पाठ आहे. सकाळी पाव किंवा खारी, दुपारी डब्यात पोळी-बटाटा, रात्री पांढरा भात आणि पातळ वरण. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, ज्यात चोथा काय तो दाण्याच्या कुटाचा. उसळ घरात व्हायची, पण तो वाटीभर रस्सा घ्यायचा आणि मटकी मुलांच्या पानात सरकवायचा. खरं सांगायचं तर कोपऱ्यावरची मिसळ, पाव बाजूला ठेवला आणि फरसाण आवरलं, तर या ताटापेक्षा उजवी ठरेल. तिच्यात निदान मोड आलेली मटकी असते.

मांसाचंही एकदा नीट सांगायला हवं. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कॅन्सरकारक असल्याचा पुरावा पुरेसा आहे. तंबाखूही याच गटात, म्हणून ‘सॉसेज सिगारेटइतकं घातक’ अशा बातम्या झाल्या. हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, घात किती मोठा ते नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ब्रिटनच्या आकड्यांत ते असं दिसतं : असं मांस अगदी कमी खाणाऱ्या हजार जणांत आयुष्यभरात सुमारे ५६ जणांना हा कॅन्सर होतो, भरपूर खाणाऱ्या हजारांत ६६ जणांना. वाढ खरी आहे, पण सिगारेटची आणि तिची बरोबरी होत नाही. सलामी, बेकन, हॅम यात आले, आणि मीठ-व्हिनेगर लावून धुरावलेलं गोव्याचं चोरिसही. मटण दुसऱ्या पायरीवर, ‘बहुधा’ या शेऱ्यासह, आणि रविवारच्या अर्धा किलोत पाच माणसं जेवणाऱ्या घरानं त्याची धास्ती घेण्याचं कारण नाही. ताजी कोंबडी आणि मासे या निवाड्यात नव्हतेच. सुकट-बोंबलाचं मला रत्नागिरीच्या एका मावशींनी फार काळजीनं विचारलं होतं, त्यांना मी एवढंच सांगू शकलो.

"आपल्याकडे कमी आहे ते हळदीमुळे" हेही खोलीत निघालंच. भारतात हा कॅन्सर पाश्चात्य देशांच्या मानाने खरंच बराच कमी आहे. पण महाराष्ट्रातच दोन जुन्या नोंदण्या आहेत : मुंबईची १९६३ पासूनची, आणि बार्शीची १९८७ पासूनची, देशातली पहिली ग्रामीण. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण बार्शीकडे मुंबईपेक्षा कमी. हळद दोन्हीकडे फोडणीत पडतेच, मग फरक कशाचा? ज्यांना आनुवंशिक दोषाने आतड्यात शेकडो पॉलिप येतात अशा ४४ रुग्णांना वर्षभर हळदीतलं कर्क्युमिन रोज तीन ग्रॅम किंवा त्याजागी नुसती गोळी देऊन पाहिली. २०१८ साली निकाल आला : पॉलिपची संख्या आणि आकार, कशातही फरक नाही. हळद भाजीत राहू दे, कॅप्सूलचे पैसे वाचवा.

ज्यांची नावं खोलीत निघाली नाहीत ती आता. सुटलेलं पोट : आपल्याकडे पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० ओलांडला की धोक्याचं मानतात, आणि दादाची विजार ४२ इंची. बैठक : पंचवीस वर्षं काउंटरमागच्या खुर्चीत, आणि पायी वारी मनात असूनही कधी झाली नाही. दारू आणि धूम्रपान दादाला नव्हतं, पण भेटायला आलेल्यांपैकी निम्म्यांना होतं, आणि दोन्हींचा या कॅन्सरशी संबंध पक्का आहे. ‘थोडी वाइन तब्येतीला चांगली’ हे आतड्याला लागू नाही. दुधाविरुद्ध हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर बरंच फिरतं, त्याचं उलट चित्र ऑक्सफर्डने २०२५ मध्ये मांडलं. ५ लाख ४२ हजार बायकांच्या अभ्यासात दिवसाला ३०० मिलिग्रॅम जास्त कॅल्शियम, म्हणजे मोठा पेलाभर दूध, यासोबत धोका १७ टक्के कमी आढळला.

दादाला घरी सोडताना डॉक्टर चालण्यावर इतका जोर का देत होते तेही कळलं. २०२५ मध्येच एका चाचणीचा निकाल आला होता. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ जणांपैकी निम्म्यांकडून तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम करून घेतला. पाच वर्षांनी आजारमुक्त असलेले व्यायामाच्या गटात ८० टक्के, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ७४.

आणि या सगळ्याहून जास्त महागात पडलेली गोष्ट ताटाबाहेरची होती. दादाला चौदा महिने शौचातून रक्त जात होतं. ‘मूळव्याध, भगंदर, बिनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ अशी पाटी आपल्याकडे प्रत्येक एसटी स्टँडबाहेर असते, आणि तसल्याच एका दवाखान्यातून तो मलम आणत राहिला. कुणी बोट घालूनसुद्धा तपासलं नाही. मूळव्याधीचा कॅन्सर होत नाही, पण कॅन्सरच्या रक्ताला मूळव्याध म्हणणं फार सोपं असतं. वयाचंही कुणाच्या डोक्यात येत नाही. परदेशात हा साठीनंतरचा आजार, मुंबईच्या टाटा रुग्णालयाने आपल्या आठशे रुग्णांचा आढावा घेतला त्यात सरासरी वय सत्तेचाळीस निघालं. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी सरकारी तपासणी मोहीम आहे, आतड्यासाठी नाही. म्हणजे रक्त दिसलं, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलं, तर दुर्बीण आत घालून पाहा असं आपणच म्हणावं लागतं.

"घराण्यात कुणाला नाही" म्हणणाऱ्या धाकट्याला डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, आता आहे. सख्ख्या भावाला झाला की आपला धोका साधारण दुप्पट धरतात, आणि चाळिशी उलटलेली असेल तर कोलोनोस्कोपी करून घ्यायला सांगतात. त्याला एकोणपन्नास पूर्ण. आदल्या रात्री ते खारट औषध पाण्यातून पिताना त्याने सगळ्यांना फोन करून शिव्या घातल्या. सकाळी त्याच्या आतड्यातून सहा मिलिमीटरचा एक पॉलिप निघाला, तो तिथल्या तिथे तारेच्या फासात धरून कापला आणि तपासायला पाठवला. अहवाल आला, त्यात कॅन्सर नव्हता. त्या संध्याकाळी तो दादाकडे गेला, तर वहिनी भाकरी थापत होती. दादाने त्याच्या पानात उसळ वाढली, मटकीसकट.