टाळूवरचं तेल

गंगाखेडच्या बाजूला एका घरी लेकराची अंघोळ चालली होती. म्हातारी पाय लांब करून बसलेली, पायांवर नातू पालथा. कोमट तेलाचा हात मानेपासून पाठीवरून टाचेपर्यंत यायचा. मग उताणं करून टाळू भरणं. लेकराने घर डोक्यावर घेतलं होतं. पण पाणी, ओव्याची धुरी आणि बाळुत्यात घट्ट गुंडाळणं झालं, तशी पाच मिनिटांत गाढ झोप. “अंगाला हात लागला की लेकरू निवांत होतंय,” म्हातारी म्हणाली.

असा स्पर्श शरीरात किती खोल जातो, हे उंदरांच्या पिल्लांनी दाखवलं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी पाहत होते, की काही उंदरिणी पिल्लांना खूप चाटतात, काही जेमतेम. भरपूर चाटलेली पिल्लं मोठी झाल्यावर कमी बिथरत. ताण आला की रक्तात एक संप्रेरक उसळतं. मेंदूतले ग्राही त्याची दखल घेतात आणि ‘आता बास’ असा निरोप देतात. हे ग्राही किती असावेत, ते एक जनुक ठरवतं. कमी चाटलेल्या पिल्लांत त्या जनुकावर मिथाइलचे बारीक टिकले चिकटलेले होते आणि जनुक दबून गेलं होतं. २००४ साली हे प्रसिद्ध झालं. जनुकाचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं! जन्मतःच पिल्लांची अदलाबदल केली, तर टिकले वाढवणाऱ्या आईप्रमाणे पडत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटवेना.

परभणीकराला यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. इथल्या कृषी विद्यापीठात ज्वारीचा वाण एकाच रानात पाहून कुणी शिफारस करत नाही. तोच वाण वेगवेगळ्या ठिकाणी पेरून बघतात, कारण काळ्या रानात अव्वल आलेलं बी मुरमाड रानात मागे पडू शकतं. मग कणसाचं श्रेय बियाला किती, रानाला किती? एका ताटापुरता तो हिशेब करताच येत नाही.

मनाच्या आजारांचंही तसंच. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसातला नैराश्याचा सुमारे ३७ टक्के फरक आनुवंशिक धरला जातो. त्यासाठी एकच दोषी जनुक सापडेल, ही आशा मात्र फोल ठरली. २००३ साली सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा मोठा गाजावाजा झाला: आयुष्यात आघात झाले तर त्याचं ठरावीक रूप असलेली माणसं जास्त खचतात, असा दावा होता. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही. शेकडो जनुकं, प्रत्येकाचा परिणाम कणभर. म्हणून ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ असं म्हणून स्थळ मोडणाऱ्यांचा मला संताप येतो. आणि जगण्याचा ठसा माणसांतही दिसला: कॅनडातच २००९ साली, लहानपणी छळ सोसून पुढे आत्महत्या केलेल्या माणसांच्या मेंदूत त्याच ग्राहीच्या जनुकावर जास्त टिकले आढळले.

मग दोष आईचा? मुळीच नाही, आणि हेही उंदरांनीच सांगितलं. भरपूर चाटणाऱ्या उंदरिणीला गाभण असताना ताण दिला, तर तीही पिल्लांना कमी चाटू लागते. रानाचा ताण आधी आईच्या अंगावर येतो, तिच्यातून पिल्लापर्यंत. उलट, दूध सुटल्यावर पिल्लांना सोबत, खेळायला जागा, हुंगायला नवी वस्तू मिळाली, तर ती बरीच सावरतात.

दिवाळी झाली की गंगाखेड, सोनपेठ, पालमच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेपर्यंत पोटुशी बाईही मोळी डोक्यावर घेते. तान्हं लेकरू फडाच्या कडेला झोळीत. तिला बाळंतपणाची पगारी सुट्टी आणि कोपीजवळ पाळणाघर मिळणं, हा मला मेंदूच्या आरोग्याचाच प्रश्न वाटतो.

म्हातारीची सूनही त्या लेकराला घेऊन निघाली होती. ट्रॅक्टर हलायच्या आधी म्हातारीने तिच्या पिशवीत तेलाची बाटली ठेवली. “रोज नाही जमलं तर निजवताना तरी लाव, माय.”