साखऱ्याच्या माळावर ट्रेकिंग ॲप काय दाखवतं? ऑनलाइन वाटा वाचायच्या कशा आणि बनवायच्या कशा

कुठल्याही ट्रेकिंग ॲपमध्ये 'हरिश्चंद्रगड' टाकून बघा. पाचनईची वाट, खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट, बेलपाड्याहून नळीची वाट, असे ढीगभर ट्रॅक समोर येतात. सोबत फोटो, अंतर, चढाई, लोकांच्या कमेंट. आता त्याच ॲपमध्ये 'साखरा, सेनगाव, हिंगोली' टाका. मी टाकलं तेव्हा 'जवळचे ट्रेक' म्हणून ॲपने मला थेट सह्याद्रीत नेऊन सोडलं. म्हणजे आठ-दहा तासांचा प्रवास!

गंमत म्हणजे महाराष्ट्राच्या भूगोलात 'हिंगोलीचे डोंगर' हे नाव सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. स्पर्धा परीक्षावाल्यांना तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. इथे डोंगर आहेत, माळ आहेत, ओढे आहेत, गुराख्यांच्या पायवाटा आहेत. ऑनलाइन मात्र वाट नाही. याचं कारण साधं आहे: तिथे कुणी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून चाललेलंच नाही. ऑनलाइन रूट गाइड म्हणजे सरकारने मोजून दिलेला रस्ता नव्हे. कुणीतरी एक माणूस एका दिवशी कसा चालला, त्याची ती नोंद असते. हे एकदा डोक्यात बसलं की सह्याद्रीतला तयार ट्रॅक किती विश्वासाने घ्यायचा ते कळतं, आणि आपल्या शिवाराचा ट्रॅक स्वतः बनवताही येतो.

ट्रॅकच्या फाइलमध्ये असतं काय?

विकिलॉक किंवा तत्सम ठिकाणाहून वाट डाउनलोड केली की बहुतेक वेळा जीपीएक्स नावाची फाइल मिळते. ती साध्या नोटपॅडमध्येही उघडते. एकदा उघडून बघाच. आत हजारो ओळी असतात आणि प्रत्येक बिंदूसाठी चार गोष्टी: अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ. बस्स. ॲप हे बिंदू रेषेने जोडतं आणि आपल्याला ती 'वाट' वाटते.

हिंगोली शहर साधारण १९.७२ अक्षांश आणि ७७.१५ रेखांशावर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर. म्हणून दशांशानंतर दोन आकडे दिले तर ठिकाण किलोमीटरभराच्या फरकाने कळतं, आणि पाच आकडे दिले तर सुमारे मीटरभराच्या. उघड्या आकाशाखाली आपल्या फोनची अचूकता साधारण पाच मीटर असते, त्यामुळे पाचाच्या पुढचे आकडे नुसते शोभेचे. पण मित्राला अडचणीच्या जागेचं लोकेशन पाठवताना 'एकोणीस पॉइंट सात' एवढंच सांगू नका. तेवढ्यात अख्खा तालुका बसतो.

ट्रॅक डाउनलोड केल्यावर मी सगळ्यात आधी वेळ बघतो. अंतर, रेटिंग नंतर. फाइल कोणत्या महिन्यातली आहे? फेब्रुवारीत कोरड्या ओढ्यातून गेलेली रेषा ऑगस्टमध्ये कामाची नाही. आपल्याकडे काळ्या मातीतली वाट जूननंतर वाट राहतच नाही, चार पावलांत बुटाला किलोभर चिखल. आणि डिसेंबरात मस्त वाटलेला माळ एप्रिल-मेच्या दुपारी जीवघेणा असतो, सावलीला झाड नाही.

दुसरी गोष्ट, रेषेचा आकार. माणूस डोंगरात चालतो तेव्हा रेषा थोडी थरथरती येते. अर्धा किलोमीटर रेषा एकदम पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसली की समजायचं, तिथे बिंदूच नाहीत. कदाचित फोनने बॅटरी वाचवायला ॲप बंद पाडलं असेल, कदाचित कुणी घरी बसून माउसने रेषा ओढली असेल. त्या सरळ रेषेखाली कडाही असू शकतो. ॲपला त्याचं काही देणंघेणं नाही, त्याला दोन बिंदू जोडायचे असतात.

तिसरी गोष्ट उंची. फोनची जीपीएस-उंची आडव्या अचूकतेपेक्षा बरीच वाईट असते, वर-खाली उड्या मारते. या उड्या बेरजेत जातात आणि 'एकूण चढाई' फुगते. एकाच वाटेच्या दोन ट्रॅकमध्ये एकात ४०० आणि दुसऱ्यात ६५० मीटर चढाई दिसली तर दोघांपैकी कुणी खोटं बोलत नसतं. काही साइट्स हा घोळ टाळायला उपग्रह-रडारची उंची वापरतात. त्यातली जगभर वापरली जाणारी एक मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांत केली होती. तिच्यात साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एक उंची असते. टेकडीसाठी ठीक, पण अरुंद नाळ किंवा पाच मीटरचा उभा टप्पा त्यात गायब होतो.

रेषा जवळजवळ आल्या की थांबा

आपला सगळा भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हाच्या थरावर थर. शास्त्रज्ञ त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि त्यातला 'ट्रॅप' हा शब्द जिन्याच्या पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. डोंगर बघितला की लगेच पटतं: उभा टप्पा, मग सपाट पट्टा, पुन्हा टप्पा, वर सपाट माथा.

समोच्च रेषांच्या नकाशावर हा जिना स्पष्ट वाचता येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांत, जे त्यांच्या साइटवरून नोंदणी करून डाउनलोड होतात, दोन रेषांमध्ये साधारण २० मीटर उंचीचा फरक असतो आणि नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. समजा तुमचा ट्रॅक दोन मिलिमीटरमध्ये दहा रेषा ओलांडतोय. म्हणजे १०० मीटर पुढे जाताना २०० मीटर वर. ती चालायची वाट नव्हे, तिथे हातही लावावे लागणार. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट आणि पाचनईची वाट एकाच गडावर जातात, पण पाचनईकडून घरातल्या मोठ्यांनाही नेता येतं आणि नळीच्या वाटेला अनुभव लागतो. ॲपवरच्या 'मध्यम' किंवा 'कठीण' या शिक्क्यापेक्षा या रेषा जास्त खरं सांगतात, कारण शिक्का मारणारा नेहमी चालणारा होता की पहिल्यांदाच गेलेला, ते आपल्याला माहीत नसतं.

वेळेचा अंदाज काढायला एक जुनं सूत्र आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेलं: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला वर आणखी एक तास. म्हणजे आठ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर दोन तास छत्तीस मिनिटं. हे थंड हवेतल्या न थांबणाऱ्या माणसाचं गणित आहे. आपलं ऊन, फोटो, चहा-पोहे धरून मी सरळ दीडपट करतो, म्हणजे चार तास. डिसेंबरात हिंगोलीकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा परतीचा हिशोब तिथून उलटा मांडायचा.

नेटवर्क गेलं तरी जीपीएस जात नाही

हा गैरसमज फार आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवत असतात. फोन फक्त ऐकतो, किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की स्वतःची जागा काढतो. यात डेटा पॅक, टॉवर, रिचार्ज काहीच लागत नाही. एअरप्लेन मोडमध्येही बहुतेक फोनचं जीपीएस चालतं आणि बॅटरी बरीच वाचते, कारण डोंगरात बॅटरी खाणारा मोठा राक्षस म्हणजे टॉवर शोधत बसलेला मोबाइल.

मग नेटवर्क नसताना 'लोकेशन सापडत नाही' असं का होतं? एक तर नकाशा डाउनलोड केलेला नसतो, त्यामुळे निळा ठिपका कोऱ्या पडद्यावर असतो. दुसरं म्हणजे उपग्रहांच्या कक्षांची माहिती. ती इंटरनेटवरून चटकन मिळते. नेट नसेल तर फोनला ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि तो वेग आहे सेकंदाला ५० बिट! म्हणून अर्धा मिनिट ते काही मिनिटं लागतात. उपाय सोपा: घरून निघतानाच, नेटवर्कमध्ये असताना, ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँडमध्ये जिल्ह्याचा भाग डाउनलोड करायचा, जीपीएक्स त्यात उघडायची आणि अंगणात उभं राहून ठिपका स्थिर होईपर्यंत थांबायचं.

पायथ्यापर्यंतच्या गाडीच्या प्रवासालाही हीच शंका लावा. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्री अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. नकाशा ॲपने दाखवलेल्या रस्त्यावरचा पूल पाण्याखाली होता. दोघे वाचले, एकाचा जीव गेला. पूल नकाशावर होता आणि खरोखरही होता, फक्त वर्षातले काही महिने तो पाण्याखाली असतो हे ॲपला ठाऊक नव्हतं. तिथल्या टपरीवाल्याला ते नक्की माहीत असणार. आपल्याकडेही येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर अशी मोठी धरणं आहेत. जलाशयाच्या काठची वाट जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये एकच नसते.

आता साखऱ्याचा ट्रॅक

गावाच्या आसपास फिरायचं तर तयार गाइड नाही, म्हणून सुरुवात जुन्या कागदापासून करायची. भूमी अभिलेख विभागाच्या गाव नकाशात वाटा आखलेल्या असतात: तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीवाट, तुटक एकेरी रेषा म्हणजे पायवाट. दोन गावांच्या शिवेवरचा रस्ताही असतो. हा आपल्या भागातला मूळ रूट गाइड समजा. त्यातल्या काही वाटा बांध सरकत सरकत नाहीशा झाल्यात, म्हणून शेजारी उपग्रह-चित्र ठेवून तपासायचं. मग गावात विचारायचं. 'काका, या पांदणीनं वर माळावर निघता येतं का?' एवढ्या एका प्रश्नावर पंधरा मिनिटांची माहिती मिळते, पुढची वाट कुणी बंद केली आणि त्यावरून कुणाशी कुणाचं बोलणं बंद आहे इथपर्यंत.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढून टाका. नाहीतर स्क्रीन बंद झाली की अँड्रॉइड मागचं ॲप झोपवतो आणि तुमच्याही ट्रॅकमध्ये ती पट्टीची सरळ रेषा उमटते. पहिला फेरा पाच-सहा किलोमीटरचा पुरे, सकाळी साडेसहाला निघून ऊन चढायच्या आत परत.

चालताना महत्त्वाच्या जागांवर थांबून खुणा नोंदवा. माझ्या यादीत सगळ्यात वर आहे बिनकठड्याची विहीर. गवत वाढलं की ती दहा फुटांवरूनही दिसत नाही, आणि कुठल्याही ॲपवर ती नसते. त्याखालोखाल रानडुकरांसाठी लावलेली तारेची कुंपणं. त्यात करंट सोडलेला असू शकतो, त्यामुळे उजाडण्याआधी शेतातून शॉर्टकट नकोच. मग पाणी, सावलीचं झाड, मोबाइलला रेंज येते ती जागा. शेवटची नोंद सगळ्यात उपयोगी, कारण पाय मुरगळला तर ११२ लावायला तिथेच जावं लागेल.

ट्रॅक अपलोड करताना सुरुवातीचे आणि शेवटचे दोनशे-तीनशे मीटर कापा. नाहीतर तुमचं घर आणि तुम्ही रोज किती वाजता बाहेर असता, दोन्ही जाहीर. २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या एकत्रित नकाशावर जगभरातले लष्करी तळ दिसले होते, कारण सैनिक तळाभोवती धावताना ॲप चालू ठेवत होते. आणि उभ्या तुरीतून किंवा कपाशीतून गेलेला भाग अपलोड करूच नका. तुम्हाला काका ओळखतात म्हणून त्यांनी जाऊ दिलं. तुमच्या मागून येणाऱ्या वीस जणांना ते ओळखत नाहीत.

पुढची पायरी ओपनस्ट्रीटमॅप. हा २००४ पासून लोकांनी मिळून बनवलेला मोफत नकाशा आहे, आणि ऑर्गॅनिक मॅप्स, ऑसमअँड यांच्यासारखी ॲप्स तोच वापरतात. खातं काढा, वेब एडिटरमध्ये आपली जीपीएक्स टाका, ती मागे दिसते, तिच्यावरून वाट काढा. ट्रॅक्टर जातो ती 'ट्रॅक', फक्त पायी जाता येतं ती 'पाथ'. गूगलच्या नकाशावरून बघून काढायचं नाही, परवान्यात बसत नाही. एडिटरमध्ये दिलेलं उपग्रह-चित्र आणि तुमची स्वतःची नोंद, एवढंच वापरायचं. इथे मालकी हक्क नोंदवला जात नाही, जमिनीवर काय आहे तेवढंच. त्यामुळे पांदणीच्या वादात 'बघा, नकाशावर रस्ता आहे' म्हणून मोबाइल पुढे करायचा नाही.

टेकड्यांची नावं टाकताना देवनागरीत टाका. ती कुठल्याच डेटाबेसमध्ये नाहीत, गुरं राखणाऱ्यांच्या तोंडी आहेत. बऱ्याचदा एकाच टेकडीला इकडचं गाव एक नाव देतं आणि पलीकडचं दुसरं. तेव्हा एक मुख्य नावात लिहा, दुसरं पर्यायी नावाच्या रकान्यात. बदल ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवर बहुधा काही मिनिटांत दिसतो. फोनमधल्या ऑफलाइन ॲपला मात्र पुढचं अपडेट येईपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा लगेच दिसलं नाही म्हणून तीच वाट दुसऱ्यांदा काढू नका.