तोंडाला पट्टी लावून झोपावे का?

उज्जैनच्या रेल्वे स्थानकाजवळील देवास गेट बसस्थानकावर रात्रीच्या गाडीची वाट पाहता पाहता ज्यांचा डोळा लागतो, त्यांतील काहींची तोंडे उघडी असतात. घोरणे किंवा सकाळी घशाला पडणारी कोरड यांचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. त्यावर ओठांना चिकटपट्टी लावून झोपण्याचा उपाय सध्या समाजमाध्यमांवर गाजत आहे.

नाकातून आलेली हवा गाळली जाऊन, उबदार व दमट होऊन फुप्फुसांत पोहोचते. नाकालगतच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, हे स्वीडनमधील संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवले. हा वायू रक्तवाहिन्या शिथिल करतो. तेव्हा कल्पना मुळात चुकीची नव्हे. अडचण पट्टीची आहे. तोंडाने श्वास कोणी हौसेने घेत नाही. नाकाचा पडदा वाकडा असतो, ॲलर्जीने नाक चोंदलेले असते. अशा वेळी उरलेली एकमेव वाटच पट्टी बुजवते.

तैवानमधील २०२२ च्या एका अभ्यासात झोपेत श्वास अडखळण्याचा सौम्य विकार असलेल्या २० जणांना पट्टीने लाभ झाला. मात्र २०२५ मध्ये १० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता पुरावा तोकडाच आढळला आणि नाक बंद असणाऱ्यांना गुदमरण्याचा धोकाही नोंदला गेला.

जोरात घोरणे, झोपेत श्वास थांबणे, दिवसा पेंग येणे ही लक्षणे असतील, तर पट्टीपूर्वी बांबोळीच्या गोमेकॉत अथवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे तपासणी करून घ्यावी. मुलांना आणि मद्यपान केलेल्यांना तर पट्टी लावूच नये. उलटी झाल्यास ती जिवावर बेतू शकते.