सर्व्हरची पूर्वतयारी : सॉफ्टवेअर बसवण्याआधीचे काम

शाखेच्या दारावर किंवा एटीएमच्या पडद्यावर अधूनमधून एक सूचना झळकते : ‘प्रणाली अद्ययावत करण्याच्या कामामुळे रविवारी पहाटे काही काळ सेवा उपलब्ध राहणार नाहीत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ ग्राहक ती वाचतो, थोडासा वैतागतो आणि सोमवारपर्यंत विसरूनही जातो. काउंटरमागे बसणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकीही अनेकांची समजूत अशी असते की, त्या तीन-चार तासांत कोणी तंत्रज्ञ येतो, नवे सॉफ्टवेअर बसवतो आणि निघून जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. प्रत्यक्ष बसवणूक हा या कामाचा सर्वांत छोटा भाग होय. कोअर बँकिंगसारखे, संपूर्ण संस्थेचा कारभार पेलणारे सॉफ्टवेअर ज्या यंत्रावर चालायचे, त्या सर्व्हरची तयारी त्याआधी कित्येक आठवडे चाललेली असते. सोमवारी सकाळी शाखा सुरळीत उघडणार की काउंटरपुढे रांग खोळंबणार, हे बव्हंशी त्या तयारीतच ठरून गेलेले असते.

सर्व्हर हा मूलतः संगणकच. फरक इतकाच की, त्याने थांबायचे नसते. त्यामुळे त्याला वीजपुरवठ्याचे दोन स्वतंत्र संच असतात व ते दोन वेगवेगळ्या यूपीएसना जोडलेले असतात. त्याची स्मृती किरकोळ चुका आपल्या आपण दुरुस्त करून घेते आणि त्याच्या डिस्क यंत्र चालू असतानाच बदलता येतात. दोन्ही वीजसंच एकाच यूपीएसला जोडून ठेवणे ही वरवर क्षुल्लक वाटणारी चूक आहे. पण ती झाली, तर दुसऱ्या संचावर केलेला खर्च वाया गेला असे समजावे.

तयारीचा पहिला प्रश्न तंत्रज्ञाचा नसून बँकरचा आहे. सर्व्हर केवढा घ्यावा? सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी आपल्या पुस्तिकेत किमान स्मृती, किमान डिस्क असे आकडे देते. परंतु ‘किमान’ याचा अर्थ एवढाच की, तेवढ्यात सॉफ्टवेअर सुरू होईल. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जाचे हप्ते एकाच सकाळी अंगावर आले म्हणजे ते किती वेगाने चालेल, हे त्या आकड्यांत नसते. त्यासाठी शाखांकडून माहिती यावी लागते : एका वेळी किती कर्मचारी काम करतात, गर्दीच्या दिवशी किती व्यवहार होतात, ३१ मार्चला दिवसअखेरची प्रक्रिया किती लांबते. येथे सरासरीचा आकडा फसवा ठरतो. नदीची सरासरी खोली विचारून कोणी पाण्यात उतरत नाही.

नियमांतील बदलही हा हिशेब पालटून टाकतात. बचत खात्यावरील व्याजाचे उदाहरण पाहावे. पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या तारखेपर्यंतची किमान शिल्लक व्याजासाठी धरली जाई. म्हणजे एका खात्यासाठी महिन्याला एकच आकडा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०१० पासून दररोजच्या शिल्लकेवर व्याज मोजले जाऊ लागले. ग्राहकाचा त्यात निःसंशय लाभ झाला. मात्र त्याच खात्यासाठी आता महिन्याला तीस आकडे हाताळावे लागतात. अशा बदलांना जागा ठेवूनच सर्व्हरची क्षमता ठरवावी लागते, कारण चालू यंत्र मोठे करणे हे चालत्या गाडीचे चाक बदलण्यासारखेच.

डिस्कची मांडणी हा भाग वाणिज्य शाखेच्या माणसाला चटकन उमगेल असा आहे. डेटाबेस कोणताही व्यवहार थेट मूळ नोंदीत उतरवत नाही. तो आधी ‘लॉग’ नावाच्या फाइलमध्ये क्रमाने लिहितो आणि मग यथावकाश मुख्य माहितीत बदल करतो. ही झाली रोजकीर्द आणि खतावणी. मधेच वीज गेली, तरी रोजकीर्दीवरून खतावणी पुन्हा उभी करता येते. ही पद्धत जुन्या हिशेबनिसांनी ओळखली होती, ती संगणकानेही स्वीकारली. आता रोजकीर्दीची पाने संपली तर चोख कारकून पुढची नोंद करणार नाही, हात बांधून बसेल. डेटाबेस नेमके तेच करतो. लॉगसाठी राखलेली जागा भरली की तो नवे व्यवहार थांबवतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला ‘सिस्टीम हँग’ झालेली दिसते. म्हणून लॉगसाठी स्वतंत्र व ऐसपैस डिस्क राखून ठेवतात आणि ती काही ठरावीक प्रमाणात भरताच इशारा मिळेल अशी व्यवस्था सॉफ्टवेअर येण्याआधीच करतात.

एकच माहिती दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची जी सोय असते, तिच्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘दोन प्रती आहेत, मग वेगळा बॅकअप कशाला?’ असे विचारले जाते. एक डिस्क बिघडली तर दुसरी उपयोगी पडते, हे खरे. पण एखादी नोंद चुकून पुसली गेली, तर ती त्याच क्षणी दोन्हींवरून पुसली जाते. आरशातील प्रतिमा मूळ वस्तूपाठोपाठ नाहीशी व्हायचीच. बॅकअप वेगळा, वेगळ्या माध्यमावर आणि वेगळ्या ठिकाणी हवा.

जागेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. खोली थंड व धूळविरहित असावी, प्रवेश नोंदवला जावा आणि वीजयंत्रणा तळघरात नसावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो दिवस मुंबईकरांना या शेवटच्या मुद्द्याचे स्पष्टीकरण मागू देणार नाही.

यानंतर ऑपरेटिंग सिस्टीम बसते आणि तिच्याबरोबर काही निर्णय घ्यावे लागतात. त्यांतील एक विशेष लक्ष देण्याजोगा आहे, तो म्हणजे डेटाबेसचा वर्णसंच. डेटाबेस प्रथम निर्माण करतानाच तो ठरवावा लागतो. पुढे लाखो खाती भरल्यावर बदलणे अतिशय जिकिरीचे होते. जुना, केवळ रोमन लिपीपुरता वर्णसंच निवडला गेला, तर देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग छापली जाते. युनिकोड निवडले तरी काम संपत नाही. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. संगणकाच्या दृष्टीने मात्र हलन्त व काने-मात्रे धरून ती दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट. नावाच्या रकान्याची मर्यादा तीस बाइट ठेवली असेल, तर रकाना तेथेच भरला. वडिलांचे नाव आणि आडनाव बाहेरच राहिले. बंगाली, गुजराती, तमिळ या लिप्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. देशभर शाखा असलेल्या बँकेत हा प्रश्न एका राज्याचा राहत नाही. पासबुकावर स्वतःचे नाव अर्धवट छापलेले पाहणाऱ्या ग्राहकाला बाइट म्हणजे काय हे समजावून सांगता येत नाही, आणि त्याने ते समजून का घ्यावे?

घड्याळाचेही असेच. सर्व सर्व्हरांची घड्याळे एका प्रमाणित स्रोताशी जुळलेली असली पाहिजेत. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी ती जोडण्यास सांगितले आहे. दोन सर्व्हरांत दोन मिनिटांचा फरक असेल, तर मध्यरात्रीच्या सुमारास झालेला व्यवहार एका नोंदीत ३१ तारखेचा आणि दुसरीत १ तारखेचा दिसू शकतो. तंटा उद्भवल्यास कोणत्या नोंदीवर विश्वास ठेवायचा?

सुरक्षिततेच्या बाबतीत तयारी म्हणजे जोडण्यापेक्षा काढणेच अधिक. अनावश्यक सेवा बंद करायच्या, वापरात नसलेली जोडणीद्वारे मिटायची, कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड बदलायचे. सर्वाधिकार असलेल्या खात्याचा पासवर्ड पुष्कळ ठिकाणी दोन भागांत विभागून दोन अधिकाऱ्यांकडे देतात व त्याची प्रत मोहोरबंद पाकिटात तिजोरीत ठेवतात. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवणाऱ्या बँकेला ही रीत नवी वाटू नये.

एवढे सर्व एका सर्व्हरवर नीट झाले, तरी खरी परीक्षा पुढेच असते. सर्व्हर एकटा नसतो. तेच काम करणारी अनेक यंत्रे असतात आणि ती तंतोतंत सारखी असावी लागतात. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली संस्थेला १ ऑगस्ट २०१२ रोजी याची जी किंमत मोजावी लागली, ती तेथील रोखे नियामकाच्या आदेशात सविस्तर नोंदलेली आहे. नवे सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर उतरवायचे होते. ते सातांवरच उतरले. आठव्यावर कित्येक वर्षे न वापरलेला जुना भाग तसाच राहिला होता आणि नव्या व्यवस्थेतील खुणेने तो जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या समभागांचे ४० लाखांहून अधिक सौदे झाले व संस्थेला ४६ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने त्या बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल पाठवले होते. ते इशारे म्हणून पाहण्याची रीतच नसल्याने कोणी दखल घेतली नाही. तंत्रज्ञाचे काम दुसऱ्याने तपासावे असा लेखी नियमही नव्हता. बँकेतील साध्या व्हाउचरवरही दोन सह्या लागतात, हे येथे आठवल्याखेरीज राहत नाही.

ब्रिटनमधील टीएसबी बँकेची गोष्ट वेगळ्या प्रकारची आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिने आपला कारभार नव्या प्रणालीवर नेला. ग्राहकांची माहिती व्यवस्थित स्थलांतरित झाली, एका पैशाचीही गफलत झाली असे म्हणता येणार नाही. पण नवी यंत्रणा भार पेलू शकली नाही आणि शाखा, दूरध्वनी व इंटरनेट या सर्वच सेवा कोलमडल्या. काम पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला. बँकेच्या ५२ लाख ग्राहकांपैकी मोठ्या वर्गाला झळ पोहोचली, ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. स्वतंत्र चौकशीत जे दोष पुढे आले, त्यांत एक असा होता की भार पेलण्याची चाचणी दोनपैकी एकाच डेटा सेंटरवर घेतली गेली होती. दुसरेही तसेच असेल, असे गृहीत धरले गेले.

म्हणूनच प्रत्येक सर्व्हरची एक लेखी पत्रिका तयार करतात. ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती, बसवलेल्या दुरुस्त्या, स्मृती, डिस्कची विभागणी, घड्याळ, वर्णसंच, उघडी जोडणीद्वारे, असे सारे तीत येते. मुख्य केंद्र आणि दूरच्या शहरातील आपत्कालीन केंद्र यांच्या पत्रिका ओळीला ओळ लावून ताडल्या जातात. एकाने भरायची आणि दुसऱ्याने यंत्रासमोर बसून तपासायची. रिझर्व्ह बँकेचे ७ नोव्हेंबर २०२३ चे माहिती तंत्रज्ञानविषयक निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यांतही अशा बदलांवरील नियंत्रणाला व आपत्कालीन केंद्राच्या सरावाला महत्त्व दिलेले आहे.

राहिला परतीचा मार्ग. पूर्वी शनिवारी दुपारी कामकाज आटोपले की सोमवारपर्यंत निवांत वेळ मिळे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून व आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू आहे, यूपीआयला तर सुट्टी ठाऊकच नाही. तेव्हा मिळतात ते पहाटेचे थोडे तास. समजा, रात्री १ ते ५ ही वेळ मिळाली. जुना बॅकअप परत उभा करण्यास दीड तास लागतो आणि ताळा पाहण्यास पाव तास. म्हणजे पुढे जायचे की मागे फिरायचे, हा निर्णय ३ वाजून १५ मिनिटांच्या आत झालाच पाहिजे. हा दीड तास अंदाजाने लिहून चालत नाही. त्याच बॅकअपवरून दुसऱ्या यंत्रावर माहिती खरोखर उभी करून, घड्याळ लावून मोजावा लागतो. मागे फिरण्याची कृतीही आधी करून पाहिलेली असावी लागते. नाइट कॅपिटलमध्ये गोंधळ निस्तरण्यासाठी घाईने सात सर्व्हरवरील नवे, बरोबर असलेले सॉफ्टवेअर काढण्यात आले आणि जुना भाग त्यांवरही जागा होऊन नुकसान वाढले.

ठरलेल्या रात्री आधी तेरीज काढली जाते. खात्यांची संख्या, ठेवींची व कर्जांची एकूण रक्कम, पैशापर्यंत. ती कागदावर छापून दोघे अधिकारी सही करतात. पुरवठादाराकडून आलेल्या सॉफ्टवेअरची संगणकीय ठेवणखूण मूळ खुणेशी ताडली जाते, म्हणजे वाटेत त्यात फेरफार झालेला नाही याची खात्री पटते. पत्रिकेवरील शेवटची ओळ तपासून होते, मोहोरबंद पाकीट उघडल्याची नोंद रजिस्टरमध्ये पडते, आणि मगच बसवणुकीची पहिली आज्ञा दिली जाते.